पहारेकरी ते पाहुणा : कृमींच्या बिळांत राहणाऱ्या खेकड्यांच्या अभ्यासाचा मागोवा

दुसऱ्या प्राण्याच्या घरात राहणाऱ्या लहान खेकड्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४-३२२) प्राणिविषयक ग्रंथात सापडतो. 'पिना' नावाच्या मोठ्या शिंपल्यात त्याचा एक रक्षक राहतो व तो नाहीसा झाल्यास शिंपलाही लवकरच मरतो, असे तेथे म्हटले आहे. पुढे सिसेरोने ही कथा अधिक रंगवली. लहान मासे आत शिरताच हा सोबती चिमटा काढून इशारा देतो, शिंपला मिटतो आणि दोघे मिळून शिकार खातात. या खेकड्यांच्या 'पिनोथेरिडी' या कुलनामात तोच पहारेकरी दडलेला आहे. कथा निरीक्षणापुढे टिकली नाही. नाव मात्र टिकले.

एकोणिसाव्या शतकात पहारेकऱ्याची जागा पाहुण्याने घेतली. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७५ च्या ग्रंथात परोपजीवी आणि एकाच मेजावर जेवणारा सोबती असा भेद स्पष्टपणे मांडला. मराठी पाठ्यपुस्तकांतील 'सहभोजी' ही संज्ञा त्याच कल्पनेची आहे.

तथापि पाहुण्यांची ओळख पटवण्याचे काम आधी संग्रहालयातच व्हावे लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मेरी जेन रॅथबन (१८६०-१९४३) यांनी १९१८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात पॅसिफिक किनाऱ्यावरील पिनिक्सा फ्रान्सिस्काना व पिनिक्सा श्मिटी या खेकड्यांचे वर्णन केले. महाविद्यालयीन शिक्षण न घेतलेल्या या विदुषीने १९१४ मध्ये वेतनाच्या पदाचा राजीनामा दिला होता. वाल्डो श्मिट या तरुण सहकाऱ्याची नेमणूक त्या वेतनातून व्हावी, एवढाच त्यामागील हेतू. त्यानंतरचे त्यांचे संशोधन, म्हणजे हा ग्रंथही, विनावेतन झाले. 'श्मिटी' हे नाव त्याच सहकाऱ्याच्या गौरवार्थ आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशा त्यागाची नोंद बहुधा तळटिपेतच होते, हे खेदाने म्हणावे लागते.

ज्या कृमीच्या बिळात हे खेकडे पुढे प्रसिद्ध झाले, त्याला तोवर शास्त्रीय नावही नव्हते. ते १९२८ मध्ये मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हॉपकिन्स सागरी केंद्राचे संचालक वॉल्टर फिशर आणि जॉर्ज मॅकगिनिटी यांनी कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न स्लू या खाडीच्या गाळातील कृमीला 'युरेकिस कॉपो' म्हटले. लॅटिन भाषेत 'कॉपो' म्हणजे सराईचा मालक.

नावाला आधार होता. साधारण वीतभर लांबीचा हा कृमी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बिळात राहतो. तो चिकट स्रावाचे जाळे विणतो व शरीराच्या आकुंचनलहरींनी पाणी त्यातून ओढतो. सूक्ष्म कण अडकले की जाळ्यासह सारे गिळतो. मोठे तुकडे मात्र टाकून देतो. तेच सोबत्यांचे अन्न. वर आयता निवारा आणि ताज्या पाण्याचा प्रवाह. खेकड्याचे कवच लांबीपेक्षा बरेच रुंद असल्याने अरुंद बिळात आडवे सरकणे त्याला सोयीचे जाते. याच बिळात खवलेकृमी आणि लहान गोबी मासाही आढळतो. मॅकगिनिटी यांनी काचेच्या नळीलाच बीळ बनवून हा व्यवहार प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहिला. येथे सिसेरोची परंपरा खऱ्या अर्थाने संपते, कारण कथेची जागा पाहता येणाऱ्या पुराव्याने घेतली.

असे असले तरी 'सराई' हे रूपक निर्दोष नाही. सराईचा मालक मोबदला घेतो. युरेकिसला या पाहुण्यांकडून काही मिळत असल्याचे आढळले नव्हते. शिवाय त्या शब्दाने लक्ष यजमानाकडे वळते आणि खेकडे अनेकदा यादीतील नावांपुरते उरतात. जुन्या कथेत खेकड्याला निदान काही काम तरी होते!

मॅकगिनिटी यांनी १९३५ मध्ये याच खाडीच्या एकूण जीवसृष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे मोल पुढे वेगळ्याच कारणाने वाढले. १९४६-४७ मध्ये मॉस लँडिंग बंदरासाठी खाडीचे मुख मॉन्टेरे उपसागराला थेट जोडण्यात आले. भरती-ओहोटीचा जोर वाढला आणि गाळाची धूप सुरू झाली. त्यापूर्वीच्या चिखलात कोण कोणाच्या बिळात राहत होते, हे आज तपासायचे झाल्यास संशोधकाला त्याच पानांकडे वळावे लागते.