विजयदुर्गाखालील रात्रीचें उतरणें (माघ, शके १६७७)

विजयदुर्गाचा पाडाव आपल्या ग्रंथांत बहुधा तोफांच्या धडाक्यानें सुरू होतो व तुळाजी आंग्र्याच्या जळत्या आरमारापाशीं संपतो. वाद होतो तो मराठी आरमार नानासाहेब पेशव्यांनीं बुडविलें कीं इंग्रजांनीं, एवढ्यापुरता. त्याच रात्रीं किनाऱ्यावर जें घडलें त्याकडे त्या मानानें थोडें लक्ष गेलें आहे. आमच्या मतें प्रकरणाचें मर्म तेथें आहे, आणि तें ग्रंथापेक्षां जागेवर लवकर उमगतें.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कसबा बावड्याहून सहकुटुंब विजयदुर्गास गेलों. (जुन्या कागदांत नुसतें 'बावडा' आलें म्हणजे पुष्कळांची गल्लत होते. आमचें गांव कोल्हापुराच्या उत्तरेस पंचगंगेच्या कांठचें. रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशजांचें ठिकाण तें घाटमाथ्यावरील गगनबावडा.) वाट त्या दुसऱ्या बावड्यावरूनच जाते. घाट उतरून तळेऱ्याहून पश्चिमेकडे गेलें म्हणजे वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं किल्ला लागतो. तीन अंगांस पाणी, पूर्वेस तेवढी जमीन. तेथेंही पूर्वीं खंदक होता, तो आतां बुजला आहे. खुष्कीनें येणारास दुसरा मार्ग नाहीं. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत पाहावी.

तुळाजीच्या पुंडाईनें वाडीकर सावंत, विशाळगडकर प्रतिनिधि व बावडेकर अमात्य हे सारेच त्रासले होते. पेशव्यांनीं मार्च १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला आणि एप्रिलांत सुवर्णदुर्ग पडला. पुढील सालीं विजयदुर्गाची पाळी आली. अॅडमिरल वॉटसनचें आरमार ७ फेब्रुवारी १७५६ रोजीं मुंबईहून निघालें व ११ तारखेस किल्ल्यासमोर आलें; बरोबर क्लाइव्हची फौज होती. जमिनीच्या बाजूस रामाजी महादेव व खंडोजी माणकर मराठी फौजेसह अगोदरच येऊन बसले होते आणि तुळाजी स्वतः त्यांच्या छावणींत बोलणें करण्यास गेला होता. इंग्रजांनीं मुंबई सोडण्यापूर्वींच लुटीची वांटणी आपापसांत ठरविली होती. तींत मराठ्यांचा हिस्सा नव्हता. दोस्ताविषयींची त्यांची बुद्धि एवढ्यावरून कळते.

१२ तारखेस दुपारीं तोफा सुरू झाल्या. चारच्या सुमारास 'रेस्टोरेशन' या जहाजावर गोळा पडून आग लागली. हें जहाज मूळचें इंग्रज कंपनीचें, आंग्र्यांनीं पूर्वीं धरून आणलेलें. तेथून आग गुराबांस व गलबतांस लागली, आणि पिढ्यानुपिढ्या जमविलेलें आरमार एका संध्याकाळींत जळून गेलें. रात्र पडतांच क्लाइव्ह आपली फौज घेऊन किल्ल्यापासून सुमारें दीड मैलावर उतरला आणि किल्ला व मराठी छावणी यांच्या मध्यें जाऊन उभा राहिला.

तारखेचें गणित केलें असतां ती माघ शुद्ध पक्षांतील, पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधींची रात्र येते. म्हणजे हें उतरणें चांदण्याच्या रात्रींचें. आम्ही मुलांबाळांसह तेवढेंच अंतर चाललों. मुलें शंख-शिंपल्यांसाठीं वारंवार थांबत असतांही तासाभराच्या आंत वाट सरली. कवाइती फौजेस उजाडण्यापूर्वीं नाकें धरण्यास वेळच वेळ होता. आंग्र्याचा तोफखाना समुद्राकडे गुंतलेला, आरमार राख झालेलें. मग नाकें धरावयाचें तें कोणापासून? किल्लेदारानें किल्ला मराठ्यांच्या हवालीं करूं नये आणि मराठ्यांनीं आंत शिरूं नये, यापासून. तोफांनीं किल्ला नमला. तो इंग्रजांच्या मुठींत राहिला तो या उतरण्यामुळें. १३ तारखेस संध्याकाळीं किल्ल्यानें हार खाल्ली. कॅप्टन फोर्ब्स थोड्या लोकांनिशीं आंत गेला व दुसऱ्या दिवशीं सकाळीं क्लाइव्हनें ताबा घेतला. मराठी सरदारानें वाट सोडण्याबद्दल कॅप्टन बुकॅनन यास ८०,००० रुपये देऊं केले व त्यानें ते नाकारले, असें इंग्रज सांगतात. ही एका पक्षाची साक्ष आहे, ती तेवढ्याच वजनानें घ्यावी. पण वाट कोणी अडविली होती याचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे. किल्ल्यांत सुमारें दहा लाखांचा ऐवज सांपडला.

वाळूंत बसून हें सांगत असतां घरच्या मंडळींनीं विचारलें, तुळाजी छावणींत अडकला, मग किल्ल्यांतील त्याच्या बायकामुलांचें काय झालें? प्रश्न योग्य होता. आमच्या इतिहासकारांस तो क्वचितच पडतो. वॉटसनच्या आरमारावरील वैद्य एडवर्ड आइव्ह्ज यानें १७७३ त छापलेल्या प्रवासवृत्तांत ही हकीकत आहे. तुळाजीची माता, बायका व मुलें किल्ल्यांतच होतीं. वॉटसन त्यांस भेटावयास गेला तेव्हां त्यानें अभय दिलें. त्या वेळीं सहा वर्षांच्या एका मुलानें त्याचा हात धरून, तर मग आतां तुम्हींच माझे वडील व्हा, असें म्हटलें. वॉटसन पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट १७५७ मध्यें, कलकत्त्यास वारला. तुळाजी प्रथम वंदनगडावर व नंतर सोलापुरास पेशव्यांच्या कैदेंतच राहिला, व कैदेंतच मेला. त्याचे दोन मुलगे पुढें कैदेंतून पळाले. त्यांनीं आसरा घेतला तो मुंबईस, इंग्रजांपाशीं.

येतांना गगनबावड्याखालून जातांना आज्ञापत्राची आठवण झाली. रामचंद्रपंतांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या त्या ग्रंथांत टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांस समुद्रतीरीं जागा देऊं नये, असें बजाविलें आहे. चाळीस वर्षांनीं तुळाजीविरुद्ध गाऱ्हाणीं करणारांत त्याच अमात्यांचें घराणें होतें. त्यांचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. तुळाजीचा जाच खराच होता. पण कराराचा मोबदला शेवटीं किनाऱ्यावरील जागेनेंच द्यावा लागला. इंग्रज विजयदुर्ग सोडीनात; अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट व दासगांवासह कांहीं गांवें त्यांच्या पदरीं पडलीं, तेव्हां किल्ला पेशव्यांकडे आला. पुढें तेथें आनंदराव धुळपांनीं पेशव्यांचें आरमार चालविलें, आणि एप्रिल १७८३ मध्यें इंग्रजांचें 'रेंजर' जहाज लढून धरलें.

कोंकणांतील व घाटावरील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत रामाजी महादेवाच्या छावणीचीं माघ-फाल्गुन शके १६७७ चीं मोडी पत्रें कोणा संग्राहकांस आढळल्यास त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद पाठविण्याची तसदी घेऊं नये. टपालांत कागद गहाळ होतात.