घंटेवरचं साल

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रीतून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. उद्या गाडीतला एखादा नग तडकला, तर तो कोणत्या दिवशी ओतला, त्या वेळी भट्टीत काय काय पडलं होतं, हे त्या आकड्याचा माग काढून सांगता येतं. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकराच्या देवळापुढे असाच एक ओतीव नग आपला ठावठिकाणा अंगावर घेऊन टांगलेला आहे. ती घंटा आहे. तिच्यावर इसवी सन आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे.

तिला काही ठिकाणी ‘लोखंडी’ म्हटलेलं आढळतं. फाउंड्रीतला कुणीही यावर हसेल. असा घुमणारा, लांबत जाणारा नाद तांब्यात पाचवा हिस्सा कथील मिसळल्यावर मिळतो. ‘कोरलेलं साल’ हेही तसंच. युरोपातले जुने घंटाकार आधी विटामातीचा गाभा करत, त्यावर घंटेच्या जाडीचा मातीचा थर देत, आणि अक्षरं नि चित्रं मेणाची करून त्या थरावर चिकटवत. वरून बाहेरचा साचा लिंपून तो तापवला की मेण वितळून जाई आणि अक्षरांचा ठसा साच्यात उमटे. मग साचा उचलायचा, मधला थर खरवडून काढायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. म्हणून अक्षरं उठावाची येतात. अशी अक्षरं मागाहून कुणाला घालता येत नाहीत. एवढा पक्का पुरावा असूनही भीमाशंकरच्या घंटेचं साल छापील मजकुरात कुठे 1721 मिळतं, कुठे 1729.

ती तिथे आली वसईहून. वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा पंथांची चर्चं नि मठ होते. चिमाजीअप्पांची मोहीम 1737 मध्ये सुरू झाली. शेवटी सुरुंगांनी तटबुरूज फोडून, हजारो माणसं खर्ची घालून मे 1739 मध्ये किल्ला हाती आला. तहाच्या कलमांनुसार शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिलं गेलं आणि मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. घंटा मात्र मराठ्यांनी उतरवल्या.

त्यांच्या तोफा झाल्या नाहीत, याचं मला जास्त नवल वाटतं. युरोपात जिंकलेल्या गावच्या घंटांवर तोफखान्याचा हक्क मानत, कारण धातू जवळपास तोच. फक्त तोफेला कथील निम्मं लागतं, म्हणजे तांब्याची भर घातली की काम झालं. मराठ्यांना तोफा हव्याच होत्या. तरीही बऱ्याच घंटा भट्टीत न जाता देवाला गेल्या. कथा पाच घंटांची सांगतात. वसईच्या अभ्यासकांनी देवळं धुंडाळली, तेव्हा आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर 1707 ची घंटा आहे, तिच्यावरही माय-लेक आहेत. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची 1721 ची. नसरापूरजवळच्या बनेश्वरची तर 1683 ची, तिच्यावर क्रूस.

देवळात आल्यावर घंटेचं काम बदललं. चर्चच्या मनोऱ्यात अख्खी घंटा दोराने झुलते. प्रार्थना, लग्न, मयत, सगळ्याची वर्दी ती गावाला देते. देवळापुढे ती जागची हलत नाही, भक्त लोळी धरून टोल देतो आणि वर्दी देवाला जाते. मारियेच्या चित्राला कुणी हात लावला नाही, ते तासून काढलं नाही. ही सहिष्णुता म्हणायची की बेफिकिरी? मला दोन्ही वाटतं, आणि थोडी ऐट. शत्रूची खूण दिसत राहिली तरच विजय दिसतो.

हे आपण जिंकून आणलेलं. आपल्याकडून गेलेलं पाहायला आता लंडनकडे बघू. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती उसनी आहेत. 1983 च्या ब्रिटिश कायद्यामुळे त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांना वस्तू सहसा देऊन टाकता येत नाहीत. ही अफजलखानावर चाललेलीच वाघनखं, असं ते संग्रहालयही छातीठोक सांगत नाही. वाघनखांच्या डबीवरच्या मजकुराप्रमाणे पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. पराभूत दरबारातला माणूस जेत्याच्या अधिकाऱ्याला ‘देतो’ म्हणजे नेमकं काय करतो, ते डबीवर नाही. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात निघालेली रघूजी भोसल्यांची तलवार तर राज्य सरकारला 47 लाखांवर रुपये मोजून सोडवावी लागली. त्या तलवारीचं पातं युरोपात घडलेलं आणि त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं, हा आणखी एक गुंता.

या वस्तू मागायला आपण लाजायचं कारण नाही. पण मागताना भीमाशंकर झाकून ठेवता येणार नाही. फिलिपीन्समधल्या बालांगिगा गावच्या चर्चच्या तीन घंटा अमेरिकी सैनिकांनी 1901 मध्ये नेल्या होत्या. त्यांतल्या दोन वायोमिंगच्या लष्करी तळावर आणि एक कोरियातल्या पलटणीकडे होती. त्या तिन्ही डिसेंबर 2018 मध्ये गावाला परत मिळाल्या. तिथे चर्च चालू होतं, घंटा वाजवायला माणसं होती. वसईच्या किल्ल्यातली बहुतेक चर्चं आज भिंतींपुरती उरली आहेत, पण वसईचा ख्रिस्ती समाज तिथेच नांदतो आहे. परत द्यायच्या तर कुणाकडे, हा प्रश्न म्हणून अवघड आहे, पण त्याच्या आडून सुटका करून घेणं बरं नव्हे. पावणेतीनशेहून अधिक वर्षं ज्यांनी टोल दिले, त्यांचाही हक्क तयार झालेला आहे. माझ्या मते घंटा भीमाशंकरलाच वाजत राहावी.

खटकतं ते सांगण्यात. ‘चिमाजीअप्पांनी अर्पण केलेली घंटा’ इथून आपण सुरुवात करतो, जसं लंडनचं संग्रहालय ग्रँट डफला मिळालेल्या वस्तूपासून करतं. दोघांच्याही वहीत पहिलं पान नाही. आपलं पान भरायला लंडनची परवानगी लागत नाही. अक्षरांचा ठसा घ्यायचा, 1721 की 1729 ते एकदा पक्कं करायचं आणि वसईच्या जाणकारांना बोलावून ती कोणत्या चर्चची ते शोधायचं. धातूचं प्रमाण सांगणारी हातातली गन भोसरीत सहज मिळेल. घंटेला ओरखडाही न पाडता ती काही सेकंदांत तांबं-कथील सांगते. मग देवळापुढे मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये पाटी लावावी: अमुक साली ओतली, वसईच्या अमुक चर्चची, 1739 च्या लढाईत जिंकून आणली.