बाहुलीघरातील दारे व खिडक्या

बाहुलीघरातील दारे व खिडक्या हे बाहुलीघर या लघुप्रतिकृतीचे महत्त्वाचे घटक आहेत. घराचे प्रमाण, त्याचा काळ आणि त्याचा प्रदेश हे तिन्ही पाहणाऱ्याला प्रथम दारा-खिडक्यांवरूनच कळतात. त्यामुळे त्यांची निवड भिंती कापण्यापूर्वी करावी लागते. या लेखात त्यांची निवड व बसवणी यांची सर्वसाधारण पद्धत दिली असून, उदाहरणादाखल लातूर जिल्ह्यातील चाकूर व आसपासच्या भागातील माळवदाच्या घराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

युरोपात बाहुलीघर हे आरंभी लहान मुलांचे खेळणे नव्हते. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले घर हे नोंद असलेल्या सर्वांत जुन्या बाहुलीघरांपैकी एक मानले जाते. ॲमस्टरडॅममधील राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन हिचे सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधिकाळातील बाहुलीघर जतन केलेले आहे. हे घर एका मोठ्या कपाटात रचलेले असून कपाट उघडल्यावरच आतील दालने दिसतात. ब्रिटनची राणी मेरी हिच्यासाठी वास्तुविशारद एडविन लट्यन्स याने आखलेले व १९२४ मध्ये पूर्ण झालेले बाहुलीघर विंडसर किल्ल्यात आहे. ते १:१२ या प्रमाणात असून त्यात वीज, वाहते पाणी व चालणारी लिफ्ट आहे.

महाराष्ट्रात लहानग्यांच्या घरखेळाचे रूढ रूप भातुकली हे होय. तिच्यात भर असतो तो चूल, जाते, पाटा-वरवंटा, तांब्या-पातेली अशा चिमुकल्या संसारोपयोगी वस्तूंवर. भिंती व छप्पर बहुधा कल्पनेतच असतात. दिवाळीतील मातीच्या किल्ल्याला मात्र तट, बुरूज व दरवाजा असतो. लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडी, तसेच नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडील तेलंगणातील निर्मल ही गावे प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतील कोरीव दारे व खिडक्या पाहावयास मिळतात. प्रतिकृती करणाऱ्याला तेथे चौकटीची घडण जवळून अभ्यासता येते.

प्रमाण

बाहुलीघरांत सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:१२ हे आहे, म्हणजे प्रत्यक्षातील एका फुटाला प्रतिकृतीत एक इंच. यात प्रौढ व्यक्तीची बाहुली साधारणतः १३ ते १५ सेंटिमीटर उंचीची असते. जागा कमी असल्यास १:२४ किंवा १:४८ ही प्रमाणे घेतात. बाजारात मिळणाऱ्या सुमारे २९ सेंटिमीटर उंचीच्या फॅशन बाहुल्यांना १:६ हे प्रमाण लागते.

प्रत्यक्षातील २१० सेंटिमीटर उंच व ९० सेंटिमीटर रुंद दाराचे माप निरनिराळ्या प्रमाणांत पुढीलप्रमाणे येते:

- १:६ – ३५ × १५ सेंटिमीटर
- १:१२ – १७.५ × ७.५ सेंटिमीटर
- १:२४ – ८.७५ × ३.७५ सेंटिमीटर
- १:४८ – सुमारे ४.४ × १.९ सेंटिमीटर

दार, खिडकी, बाहुली व सामान ही सर्व एकाच प्रमाणात असणे आवश्यक असते. भिंतीच्या मापातील थोडी चूक सहसा ध्यानात येत नाही. परंतु दाराची कडी बाहुलीच्या डोक्याच्या वर आली किंवा खिडकीचा तळ तिच्या हनुवटीपर्यंत पोहोचला, तर ती चूक तत्काळ जाणवते.

नमुन्याची निवड

दारे व खिडक्या सुट्या विकत घेता येतात किंवा घरी तयार करता येतात. आयात केलेले तयार नमुने बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतील घरांच्या धर्तीचे असतात: वर-खाली सरकणाऱ्या काचांच्या खिडक्या, चौकोनी तक्त्यांची एकफळी दारे, गोल मुठी. मराठवाड्यातील घराची प्रतिकृती करावयाची असल्यास ते उपयोगी पडत नाहीत.

माळवदाचे घर

लातूर जिल्ह्यातील जुनी घरे प्रामुख्याने माळवदाची होती. दगड व चिखल यांच्या दोन-तीन फूट किंवा त्याहून जाड भिंती, आत लाकडी खांब व तुळया, त्यांवर किलचन आणि सर्वांत वर मातीचा जाड सपाट थर, अशी त्यांची रचना असे. घराचा विस्तार खणांत मोजला जाई. अशा घराच्या दारा-खिडक्यांची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील:

- बाहेरच्या भिंतींना खिडक्या थोड्या व लहान असतात. त्यांना काचेऐवजी लाकडी झडपा आणि उभे गज असतात.
- मोठ्या वाड्याच्या मुख्य दरवाजाला दोन भक्कम फळ्या असतात. कधी त्यांतील एका फळीत लहान दिंडी दरवाजा असतो. दरवाजातून आत गेल्यावर ढाळज लागते.
- आतील दारे ठेंगणी असून त्यांतून वाकून जावे लागते. उंबरठा उंच असतो.
- चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर गणेशपट्टी कोरलेली असते.
- दार बंद करण्यासाठी कडी-कोयंडा, तसेच आतून भिंतीत सरकणारा अडसर असतो.
- आतल्या खोल्यांत उजेड छतातील साण्यातून येतो. पावसाळ्यात हे साणे झाकून ठेवतात.

भूकंपानंतरचे घर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड छप्पर कोसळणे हे जीवितहानीचे प्रमुख कारण ठरले. पुनर्वसनात अनेक गावे नव्या जागी वसवली गेली व तेथे हलक्या छपराची, भूकंपरोधक पद्धतीची घरे उभी राहिली. माळवदाविषयीचा विश्वास ओसरला आणि जिल्ह्यात इतरत्रही विटा-सिमेंटच्या स्लॅबच्या घरांचे प्रमाण वाढले. या घरांत खिडक्या मोठ्या, लोखंडी गजांच्या वा जाळीच्या असतात. दारे उंच व सपाट फळीची असतात.

हे दोन्ही प्रकार या भागातील खरी घरे आहेत. बाहुलीघर करताना त्यांपैकी एक निश्चित करावा लागतो. माळवदाच्या भिंतीत सरकत्या काचेची रुंद खिडकी बसवल्यास प्रतिकृती कोणत्याच घराची राहत नाही. जुने घर पाडले जाण्यापूर्वी त्याच्या दाराची उंची, रुंदी, चौकटीची जाडी, उंबरठ्याची उंची व भिंतीची खोली मोजून ठेवली आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक भागाचे नाव विचारून लिहून घेतले, तर प्रतिकृती नोंदीचेही काम करते.

भिंतीची जाडी

तयार चौकटी साधारणतः एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या फळीसाठी केलेल्या असतात. विटांच्या ९ इंची भिंतीची जाडी १:१२ प्रमाणात सुमारे १.९ सेंटिमीटर होते, तर दोन फुटी दगडी भिंतीची ५ सेंटिमीटर. म्हणून माळवदाच्या घरासाठी दोन पातळ फळ्या मध्ये पोकळी ठेवून समांतर उभ्या करतात. दाराच्या व खिडकीच्या पोकळीला चारही बाजूंनी पट्ट्या लावून ती बंद केली की भिंतीची खोली दिसू लागते. याच पोकळीचा उपयोग कोनाडे, दिव्यासाठीची देवळी व धान्याचे बळद दाखवण्यासाठी होतो. अडसरासाठी लागणारी खाचही तिच्यातच सामावते.

साहित्य

दारांसाठी सागाच्या पातळ पट्ट्या, २ ते ३ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड किंवा एमडीएफ वापरतात. शालेय प्रकल्पात जाड पुठ्ठा व आइस्क्रीमच्या काड्याही चालतात. गजांसाठी तार किंवा बांबूच्या काड्या, तर काचेसाठी ॲक्रिलिक अथवा पारदर्शक प्लास्टिक वापरतात. खरी काच टाळणे इष्ट असते. लाकूड चिकटवण्यास पांढरा गोंद पुरेसा असतो, मात्र तो पारदर्शक प्लास्टिकवर नीट धरत नाही. म्हणून ती पट्टी चौकटीतील खाचेत किंवा दोन पट्ट्यांमध्ये अडकवतात. अवजारांत बारीक दात्यांची करवत, कानस, पॉलिश पेपर, एक मिलिमीटर छिद्र पाडणारा हातगिरमिट आणि गुण्या यांची गरज भासते.

बसवणी

कामाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो:

१. प्रत्येक भिंतीचे आरेखन पूर्ण आकारात कागदावर काढून त्यावर दारा-खिडक्यांच्या जागा आखतात.

२. भिंती उभ्या करण्यापूर्वीच पोकळ्या कापतात. पोकळी चौकटीच्या बाहेरील मापापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी ठेवतात. उभ्या केलेल्या भिंतीत पोकळी कापणे अवघड असून त्यात फळी चिरण्याचा धोका असतो.

३. चौकट गोंद न लावता बसवून पाहतात व गुण्याने काटकोन तपासतात.

४. जमिनीचा अंतिम थर (फरशी, शहाबादी, सारवण) किती जाड होणार हे ठरवून उंबरठ्याची उंची निश्चित करतात. हे विसरल्यास नंतर दार जमिनीला घासते.

५. भिंतींचा गिलावा व रंग पूर्ण करून, दिव्यांच्या तारा घातल्यावर चौकटी चिकटवतात. आतील बाजूची पट्टी शेवटी लावतात. ती पोकळीच्या कडा झाकते.

दार फिरते ठेवणे

लहान पितळी बिजागऱ्या मिळतात, पण त्यांचे खिळे पातळ लाकूड फोडतात. याहून सोपी पद्धत टाचणीची आहे. फळीच्या एका कडेला वर व खाली एकेक टाचणी खोचून तिचे टोक कापतात आणि उरलेला भाग चौकटीच्या वरच्या लाकडातील व उंबरठ्यातील छिद्रांत बसवतात. दोन्ही छिद्रे एकाच उभ्या रेषेत असावी लागतात. टाचणीजवळची फळीची कड कानशीने गोलसर करतात, अन्यथा दार चौकटीला अडते. चौकटीचे वरचे लाकूड चिकटवण्यापूर्वीच फळी जागेवर ठेवावी लागते.

ही पद्धत जुन्या वाड्यातील कवाडाशी तंतोतंत जुळते. तेथेही अनेक कवाडांना लोखंडी बिजागऱ्या नसत. फळीच्याच वर-खाली काढलेले खुंट चौकटीतील व उंबरठ्यातील खळग्यांत फिरत. माळवदाच्या प्रतिकृतीत टाचणीचे दार ही तडजोड नसून मूळ रचनेचेच लहान रूप ठरते.

हवामान

मराठवाड्यात उन्हाळा अतिशय कोरडा असतो व पावसाळ्यात हवेतील ओलावा वाढतो. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकते. म्हणून फळीभोवती सर्व बाजूंनी सुमारे एक मिलिमीटर मोकळी जागा सोडतात आणि फळीच्या दोन्ही बाजू व चारही कडा रंगवतात. एकच बाजू रंगवलेली फळी वाकते.

उघडी बाजू

बाहुलीघर आतून पाहता यावे म्हणून त्याची एक बाजू उघडी किंवा उघडणारी ठेवतात. युरोपीय नमुन्यांत बहुधा दर्शनी भिंत दारासारखी उघडते. माळवदाच्या घराचे छत सपाट असल्याने ते झाकणासारखे उचलता येते. त्यामुळे चारही भिंती, मुख्य दरवाजा व ढाळज अबाधित राहतात, तर छत ठेवल्यावर साण्यातून आत पडणारा उजेडही पाहता येतो.

सुरक्षितता

कड्या, टाचण्या व गज हे सुटे भाग लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यामुळे अशी बाहुलीघरे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देत नाहीत. भारतात विक्रीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे.

हे सुद्धा पहा

- भातुकली
- माळवद
- वाडा
- १९९३ चा लातूर भूकंप
- राजा दिनकर केळकर संग्रहालय