हलत्या चित्रांच्या काचा

वाचकहो, आपण कधी वालूरला गेला आहात का? परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे गाव. तिथल्या एका जुन्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. आता समजा, गावातल्या गुरुजींना ही बारव पडद्यावर स्लाइड दाखवून मुलांना शिकवायची आहे. संगणकाच्या एका कळीसरशी अक्षरं उडत येतात, चित्र गिरक्या घेतं. मुलं टाळ्या पिटतात. पण बारवेत पाणी आटत गेलं म्हणजे काय होतं, हे त्यांना कळलं का?

हा प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु चित्र हलवण्याची विद्या आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. 1892 साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्यावरून शांबरिक म्हणजे जादूचा, आणि खरोलिका म्हणजे कंदील. काचांवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पडदा. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून काच उलटीच घालायची. पुराणांतल्या कथा सांगत, संगीताच्या साथीने हा खेळ चाले. पुढे त्यांच्या मुलांनीही तो चालवला.

चित्र हले कसे? अशा कंदिलांची युक्ती साधी असे. दोन काचा एकावर एक ठेवायच्या. एकीवर देह, दुसरीवर फक्त हात. दुसरी काच हळूच सरकवली, की पडद्यावर हात उचलला जाई! म्हणजे बाकी सारं चित्र स्थिर, आणि हले तेवढंच, जे कथेत हलतं. हलणारा प्रत्येक भाग वेगळा रंगवावा लागे. तेव्हा उगाच कोण हलवील?

1896 साली मुंबईत ल्युमिएर बंधूंची चलचित्रं आली, आणि कंदील हळूहळू मागे पडला. तरी जुना विवेक टिकला. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्रा’आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी हालचाल दिसली, आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

1987 साली ‘पॉवरपॉइंट’ बाजारात आलं. पुढे त्यात अक्षरं आणि चित्रं हलवण्याची सोय झाली. आता काच रंगवायला नको, सरकवायला नको. हालचाल फुकट झाली, आणि तिथेच घोटाळा झाला! डोळा हलत्या वस्तूकडे आधी धावतो, हा त्याचा स्वभावच आहे. मग अक्षरच नाचू लागलं तर मूल ते वाचणार केव्हा?

तर पुन्हा वालूरला येऊ. गुरुजींनी बारवेचं चित्र स्थिर ठेवावं, नावं स्थिर ठेवावीत, आणि पाण्याचा निळा थर तेवढा सावकाश खाली सरकवावा. पावसाळ्यातलं भरलं पाणी हिवाळ्यात, मग उन्हाळ्यात खाली जाईल. एकेक पायरी उघडी पडेल. बारव पायऱ्यांची का बांधली, हे मूल न सांगता ओळखील. पाणी कुठेही असो, घागर तिथवर पोचली पाहिजे!

पटवर्धनांच्या काही काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या आहेत. काचा तिथे राहोत. त्यांतली शिकवण मात्र आपल्या वर्गात यावी. हलवण्याआधी एकदा विचारावं, की हे खरोखर हलतं का?