चिनी गाणे आणि आपली अभिरुची : १९५२ची दोन स्थलांतरे

परभाषेतील गाणे आवडते तेव्हा नेमके काय आवडते, हा प्रश्न मराठी साहित्यविचाराने फारसा मनावर घेतलेला नाही. इंग्रजी गाणे आवडण्यामागे त्या भाषेची प्रतिष्ठा असते, उर्दू गझल आवडण्यामागे अर्ध्याअधिक शब्दांची ओळख असते, बंगाली गाण्यामागे रवींद्रनाथांचे नाव उभे असते. चिनी लोकप्रिय गाण्याच्या बाबतीत यांपैकी कोणताच टेकू नसतो. ते आवडले तर त्या आवडीची उपपत्ती ज्याची आवड त्यानेच द्यावयाची. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या श्रोत्याला हे गाणे आवडणे ही विक्षिप्त हौस नसून एका विस्मृत नात्याची ओळख पटणे आहे. ही ओळख उशिरा पटली याची कारणे संगीतात नाहीत. ती इतिहासात आणि आपण लावून घेतलेल्या वर्गवारीत आहेत.

प्रारंभीच व्यक्तिगत तपशील देतो, कारण पुढील विवेचनात मी स्वतः एक पुरावा म्हणून येणार आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत, जहाजावर नोकरी करणाऱ्या मामेभावाने सिंगापूरहून आणलेली एक कॅसेट येऊन पडली. वेष्टनावर केवळ चिनी अक्षरे आणि एका तरुण स्त्रीचे छायाचित्र. टू-इन-वनवर ती लावली तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारले, "ही कोण रे? नवीन भावगीत आहे का?" मग जवळ येऊन दोन मिनिटे ऐकल्यावर म्हणाली, "शब्द कळत नाहीत, पण बाई रडू आवरून गाते आहे." भावगीत हा तिने लावलेला शब्द मला तेव्हा विनोदी वाटला होता. तो किती अचूक होता हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

चिनी लोकप्रिय गाण्याचा उगम शांघायमध्ये आणि, विशेष म्हणजे, भाषेच्या चळवळीत आहे. ली चिन-ह्वे (१८९१–१९६७) हे त्याचे जनक मानले जातात. त्यांचे थोरले बंधू ली चिन-शी हे भाषाशास्त्रज्ञ आणि राष्ट्रभाषा-चळवळीचे एक प्रमुख. प्रमाण उच्चार मुलांच्या तोंडी बसावेत म्हणून धाकट्या लींनी बालसंगीतिका लिहिल्या. त्याच ओघात १९२७च्या सुमारास 'माओमाओ यू' (रिमझिम पाऊस) हे प्रेमगीत आले आणि त्यांच्या कन्येने, ली मिंग-ह्वे हिने, ते गायिले. लू शुन यांच्यासारख्या थोर लेखकाने या गाण्याची आपल्या लेखनात निर्दय टवाळी केली आहे. लोकगीताची पंचस्वरी चाल, जॅझचा ठेका, ध्वनिमुद्रिका आणि लवकरच बोलपट यांच्या मिश्रणातून जे घडले त्याला 'शिदाइछू', म्हणजे काळाची गाणी, असे नाव पडले. लींच्याच मेळ्यातून जौ श्वेन ही गायिका-अभिनेत्री पुढे आली. तिचा 'मालू थ्येनश' (रस्त्यावरची परी) हा बोलपट १९३७चा. त्याच वर्षी प्रभातच्या 'कुंकू'मध्ये शांता आपटे गात होत्या. नायिकेने स्वतःच्या गळ्याने गावे, गाणे ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर जावे आणि त्या गळ्यावरून समाजाने तिच्या चारित्र्याचा अंदाज बांधावा, ही परिस्थिती दोन्हीकडे सारखीच होती.

हे साम्य योगायोगाचे नाही. १९३१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ईएमआय या कंपनीच्या छत्राखाली शांघायची पाते आणि आपली हिज मास्टर्स व्हॉइस या दोन्ही आल्या. वादकही एकाच वाटेने फिरत होते. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक अनेक वर्षे शांघायमध्ये वाजवीत होता. बक क्लेटन या ट्रंपेटवादकाला १९३४ साली शांघायला नेण्यात त्याचा हात होता, आणि तेथे क्लेटनचा लींच्या संगीताशी संबंध आला. हाच वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीने वारला. शांघायच्या नृत्यगृहांत फिलिपिनो आणि रशियन वादक होते. त्यांच्या जागी मुंबईत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि हळदोण्याचे आंतोनियु शाविएर वाझ, म्हणजेच सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट, यांनी १९५१च्या 'अलबेला'त जे केले ते ली चिन-ह्वे यांना एका ऐकण्यात उमगले असते. 'अलबेला'चे कर्ते भगवान पालव यांचा जागृती स्टुडिओ चेंबूरचा, राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओही तेथलाच; फिल्मिस्तान गोरेगावला, मोहन स्टुडिओ अंधेरीला. मुंबईच्या गाण्याचा बराच मोठा भाग उपनगरी आहे, हे आपल्या नगरकेंद्री सांस्कृतिक इतिहासात अनेकदा निसटते.

आता १९५२ या वर्षाकडे वळू. क्रांतीनंतरच्या चीनमध्ये शिदाइछूला 'हुआंगस यिन्यूए', म्हणजे पिवळे संगीत, ठरविण्यात आले. चिनी भाषेत पिवळा हा रंग अश्लीलतेचा वाचक झाला होता. 'पिवळी पुस्तके' म्हणजे काय हे ज्या भाषेत सांगावे लागत नाही तिच्या वाचकांना या विशेषणाचा डंख वेगळा समजावून देण्याची गरज नाही. १९५२ साली पातेने आपले बिऱ्हाड शांघायहून हाँगकाँगला हलविले. त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीत त्यांना अभिरुचीचा ऱ्हास वाटे. आकाशवाणीवरून चित्रपटगीत आक्रसत गेले आणि जवळजवळ नाहीसे झाले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि हिंदी गाणे समुद्रापलीकडच्या बेटावरून लघुलहरींवर स्वदेशी परतू लागले. १९५७ साली विविध भारती काढून शासनाने माघार घेतली. शांघायच्या गाण्याला इतकी स्वस्त माघार लाभली नाही. त्याचा एक श्रेष्ठ संगीतकार छेन ग-शिन १९६१ साली श्रमछावणीत मरण पावला. ली चिन-ह्वे सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत गेले. केसकरांचे धोरण आणि माओंची राजवट यांना एका तागडीत टाकणे अन्याय्य होईल. परंतु गाण्याच्या हलकेपणात राष्ट्राची हानी पाहणारी दृष्टी मात्र दोन्हीकडे एकच होती, आणि तिने दोन्ही गाण्यांना एकाच वर्षी बेटाचा रस्ता दाखविला.

येथे एका उपरोधाची नोंद केली पाहिजे. चित्रपटगीताला दार लावून बसलेल्या याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झाले. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले. संहिता प्रतिष्ठित असली की चाल माफ होते, हा नियम पुढे मला स्वतःवरच लागू झालेला दिसणार आहे.

दोन भावंडांची एवढी जवळीक, तर आपल्याला चिनी गाणे ऐकू का आले नाही? उत्तर असे, की आपल्याजवळ चिनी गाण्याऐवजी चिनी मुखवटा होता. व्ही. शांतारामांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (१९४६) सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची चिनी पत्नी जयश्रीबाईंच्या रूपाने, वसंत देसाईंच्या चालींवर, हिंदीत गाते. तेथे निदान आदर आहे. १९५८च्या 'हावडा ब्रिज'मध्ये मात्र 'मेरा नाम चिन चिन चू' हे चिनी नर्तकीचे नावच गाणे होऊन बसते. गीता दत्त यांचा आवाज, ओ. पी. नय्यर यांचा ठेका आणि हेलन यांचे नृत्य यांची मोहिनी मी नाकारीत नाही. पण त्या गाण्यातला चीन वेषभूषेपुरताच आहे, स्वरांत तो नाही. ब्रह्मदेशातून युद्धात निर्वासित होऊन आलेल्या मुलीला मुंबईने चिनी करून नाचविले, हेही लक्षणीय आहे. चार वर्षांनी युद्ध झाले. देशातील हजारो चिनी वंशीयांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. माझगावला १९१९ सालचे चिनी मंदिर आहे, पण त्याच्या भोवतीची वस्ती पुढे विरळ होत गेली. मुखवट्यामागचा चेहरा दिसण्याची जी काही शक्यता होती ती अशी संपली.

उलट दिशेने मात्र गाणे पोहोचले होते. १९५५ साली चीनमध्ये भारतीय चित्रपट-सप्ताह झाला आणि त्यात चेंबूरचा 'आवारा' दाखविला गेला; १९७०च्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा आला तेव्हा एक अख्खी पिढी शैलेंद्र आणि शंकर-जयकिशन यांचे शीर्षकगीत गुणगुणू लागली. शब्द कळत नसल्याने 'आवारा हूँ'चे 'आ-बा-ला-गू' झाले. कोणी म्हणेल, हेही 'चिन चिन चू'च. फरक असा की तेथे शब्दांची मोडतोड झाली तरी चाल शाबूत राहिली, म्हणजे गाणे खरोखर स्वीकारले गेले. ज्या जांगक यांच्या 'प्लॅटफॉर्म' (२०००) या चित्रपटात शान्शी प्रांतातील गावातले तरुण 'आवारा' पाहतात. आणि त्याच चित्रपटात चोरून ऐकलेला दुसरा एक आवाज आहे. तो माझ्या कॅसेटवरचा आवाज.

तो तेरेसा तंग, चिनी नाव डंग ली-च्युन, हिचा. जन्म तैवानात २९ जानेवारी १९५३, मृत्यू थायलंडमधील च्यांग माई येथे ८ मे १९९५. मुख्यभूमीच्या चीनमध्ये ती कधीच गायली नाही. तैवानच्या ताब्यातील चिनमन बेटावरून ध्वनिक्षेपकांद्वारे तिचा आवाज समोरच्या किनाऱ्यावर सोडला जाई. बाकी काम लघुलहरींनी आणि चोरट्या कॅसेटींनी केले. १९८२ साली बीजिंगच्या लोकसंगीत प्रकाशनाने पिवळी गाणी कशी ओळखावीत याची पुस्तिकाच काढली, आणि पुढच्याच वर्षी 'आध्यात्मिक प्रदूषणा'विरुद्ध मोहीम सुरू झाली. मऊ, खचविणारा स्वर, 'मीमी ज यिन', हा तिच्यावरचा आरोप. तिच्या निधनाच्या वर्षी फेय वाँग या गायिकेने तिच्या गीतांची जी ध्वनिफीत काढली तिच्या नावात हाच आरोप श्लेषाने मिरविला आहे.

माझ्या कॅसेटवरील एका गाण्याची ओळख मला चिनी जाणणाऱ्या एका स्नेह्याने करून दिली. ते तंगच्या १९८३च्या 'दानदान योछिंग' या ध्वनिमुद्रिकेतले, आणि त्याचे शब्द सू श या कवीचे. इ.स. १०७६च्या शरदपौर्णिमेला दूरच्या भावाच्या आठवणीने लिहिलेली ती रचना. 'त्स' हा काव्यप्रकारच मुळी ठरीव चालींवर शब्द बसविण्याचा. कालांतराने चाली हरपल्या, शब्द उरले, आणि चाल केवळ वृत्ताचे नाव होऊन राहिली. विसाव्या शतकातील ल्यांग हुंग-ज याने त्या शब्दांना नवी चाल दिली. ज्ञानदेवांच्या विराण्या हृदयनाथांच्या चालीत लतादीदींच्या कंठातून ऐकलेल्या मराठी माणसाला हा व्यवहार ओळखीचा आहे. आईचे 'भावगीत' येथे सार्थ झाले.

ही माहिती मिळताच मला जे वाटले ते नोंदविणे अगत्याचे आहे. मला सुटल्यासारखे वाटले. आपण वर्षानुवर्षे हलके गाणे ऐकत नव्हतो, श्रेष्ठ काव्य ऐकत होतो! लगोलग मी कॅसेटवरच्या इतर गाण्यांविषयीही विचारले. ती साधी प्रेमगीते निघाली, व्यवसायी गीतकारांनी बाजारासाठी लिहिलेली. त्यांतल्या दोन मला सूच्या रचनेपेक्षा अधिक प्रिय होत्या, आणि ऐकताना फरक कधीच जाणवला नव्हता. म्हणजे माझ्या कानाने जे केले नव्हते ते माझ्या शिक्षणाने क्षणात केले. केसकर माझ्यातच बसलेले होते. आपल्या समीक्षेने कवी आणि गीतकार अशा दोन रांगा लावल्या आणि माडगूळकरांना बहुधा दुसरीत उभे केले. ती सवय मी परक्या भाषेपर्यंत घेऊन गेलो होतो, जेथे रांग ओळखण्याचे साधनही माझ्याजवळ नव्हते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल : शब्द कळत नसताना झालेला आस्वाद हा आस्वादच नव्हे, ती निव्वळ ध्वनिलोलुपता. आक्षेप अर्धा मान्य आहे. मँडरिनमध्ये सुराच्या चढउताराने शब्द बदलतो. 'मा' हा एकच ध्वनी चार सुरांत आई, ताग, घोडा आणि शिवीगाळ असे चार अर्थ देतो. मी ऐकतो त्यात हे भेद पुसले जातात. परंतु लोकप्रिय मँडरिन गाण्यात चाल बहुतांशी या सुरांची पर्वा करीतच नाही; चिनी श्रोताही संदर्भानेच शब्द उचलतो. गाताना आपण ऱ्हस्वाचे दीर्घ करतो आणि तरी अर्थ लावून घेतो, तसेच हे. गाणे भाषेला काही प्रमाणात परके करते, स्वभाषिकालाही. परभाषिक श्रोता या परकेपणाच्या टोकाला उभा असतो, एवढेच. त्याला कवितेतले फार थोडे मिळते; पण श्वास कोठे घेतला, स्वर कोठे मुद्दाम धरून ठेवला नाही, हे मिळते. आईने नेमके तेच ऐकले होते.

मात्र ही मांडणी कँटनीज गाण्याला लागू करता येणार नाही. हाँगकाँगचे गीतकार चालीतील स्वरांचे चढउतार आणि शब्दांचे सूर जुळवूनच ओळ लिहितात. तेथे चालच शब्द निवडते, आणि न जुळलेली ओळ ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटते. माझ्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटचे गाणे कँटनीज होते. अनेक वर्षे ते मला बाकीच्यांहून किंचित ताठर वाटत असे आणि मी तो दोष गायिकेच्या पदरी टाकीत होतो.