परभणी परिसरातील टाइप वन मधुमेह: इन्सुलिन आधी, मोजमाप नंतर

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. 11 जानेवारी 1922 रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी अशी मुले उपाशी ठेवूनच थोडी जास्त जगवली जात. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये निघाले, अंबाजोगाईचे सत्तरच्या दशकात. परभणीला स्वतःचे मिळायला 2023 उजाडले.

इन्सुलिन मिळू लागले तरी साखर किती आहे, हे घरी कळण्याचा मार्ग एकच होता: लघवी. परीक्षानळीत निळे बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. साखर वाढत जाईल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी होई. पण रक्तातली साखर साधारण 180 मिग्रॅ/डेसिलिटरच्या पुढे गेल्यावरच मूत्रपिंडातून लघवीत उतरते. म्हणजे साखर 150 असो की 50, नळी निळीच राहायची. शिवाय दिसायची ती काही तासांपूर्वीची स्थिती. मूल झोपेत बेशुद्ध होईल या भीतीने साखर मुद्दाम थोडी चढी ठेवली जाई. त्याची किंमत पुढे डोळे आणि मूत्रपिंडांनी मोजली. साखर नेटाने आटोक्यात ठेवली तर हे नुकसान बरेच टळते, हे 1993 मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले.

नुकत्याच निदान झालेल्या मुलांचा इन्सुलिनचा डोस वारंवार बदलावा लागतो. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशी काही महिने पुन्हा काम करू लागतात आणि इन्सुलिनची गरज एकदम घटते. काल पुरेसा असलेला डोस आज जास्त ठरतो. मूल बरे झाले असे समजून घरच्यांनी इन्सुलिन थांबवले, तर रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो. या आजारातला हा एक घातक गैरसमज आहे.

रक्ताच्या थेंबातली साखर मोजणारे 1970 च्या सुमाराचे अमेरिकी यंत्र किलोभराहून जड होते. अशी छोटी यंत्रे, म्हणजे ग्लुकोमीटर, घरोघरी पोचायला पुढची काही दशके लागली. त्यांत लागणाऱ्या चाचणीपट्ट्यांचा खर्च मात्र गरीब कुटुंबाला आजही जड जातो. इन्सुलिन पूर्वी गुरे आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन वोखार्ट कंपनीने 2003 मध्ये बाजारात आणले, आणि ते तयार होत होते औरंगाबादेत. त्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था टाइप वनच्या मुलांसाठी काम करते.

परभणीचा उन्हाळा इन्सुलिनला सोसत नाही. फ्रिज नसेल तिथे कुपी पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवतात. बर्फात ठेवून गोठली तर ती निकामी होते. कुपी मिलिलिटरमागे 40 युनिटची असेल तर सिरिंज लाल टोपीचीच लागते. 100 युनिटच्या नारिंगी टोपीच्या सिरिंजने डोस चुकतो. शेतातल्या कष्टानंतर साखर रात्रीसुद्धा उतरते. ती 70 खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी लागते.