गल्लींतला शाहीर

गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या वाडींत रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं अंगणांतून ढोलकी ऐकूं येऊं लागते. पायांत चाळ बांधलेले गडी रिंगण धरतात, मध्यें शाहीर बसतो, आणि शक्ति व तुरा या दोन पक्षांचा सामना सुरू होतो. शक्तिवाले प्रकृतीचें श्रेष्ठत्व सांगतात, तुरेवाले पुरुषाचें. मात्र या तत्त्वचर्चेच्या आडून प्रतिपक्षाच्या अकलेचा उद्धारही यथास्थित होतो, आणि खरें सांगावयाचें तर मंडळी जागी राहते ती त्यासाठींच! सुशिक्षितांनीं मात्र या जाखडीला ‘बाल्या नाच’ म्हणून बाजूस सारलें. आज मुंबईच्या गल्ल्यांतून निघालेल्या ज्या गाण्याला ‘रॅप’ म्हणतात, त्याकडेही आपल्या घरांतून अशाच नजरेनें पाहिलें जातें. म्हणून त्यांतील एक अग्रगण्य गायक व्हिव्हियन फर्नांडिस ऊर्फ ‘डिव्हाइन’ याची हकीकत कोंकणच्या दृष्टीनें सांगण्याचें योजिलें आहे.

या कलेचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स नामक गरीब भागांत झाला. जमेकाहून आलेल्या एका कुटुंबांतील क्लाइव्ह कँपबेल या १८ वर्षांच्या तरुणानें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं बहिणीनें योजिलेल्या नाचाच्या मेळाव्यांत तबकड्या वाजविल्या. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवावयाच्या आणि त्यांतील केवळ तालाचा तुकडा लांबवीत न्यावयाचा, अशी त्याची युक्ति होती. अशा तालावर पुढें यमकें जुळवून बोलणें आलें, आणि बोलण्यांत चढाओढ आली. ज्यांच्यापाशीं वाद्य नव्हतें कीं शिकविणारा नव्हता, त्यांनाही ती परवडली. म्हणूनच ती इतकी दूर पोंचली.

फर्नांडिसचा जन्म २ ऑक्टोबर १९९० चा. आई उदरनिर्वाहासाठीं परदेशीं, म्हणून मुलगा अंधेरीस आजीजवळ वाढला. शाळेंत एका सोबत्याच्या सदऱ्यावर ‘फिफ्टी सेंट’ या अमेरिकन गायकाचें चित्र होतें. हा कोण, या कुतूहलापासून सारें आरंभलें. पहिलीं गाणीं त्यानें इंग्रजींत रचिलीं. नक्कल कितीही हुबेहूब साधली तरी ती नक्कलच. पुढें त्यानें भाषा बदलली, आणि आमच्या मतें त्याच्या चरित्रांतील खरी घटना हीच. मानसन्मानांच्या याद्या कोणीही देईल. त्यानें व्याकरणाची हिंदी उचलली नाहीं. गल्लींत बोलतात ती घेतली, जींत ‘अपुन’ या रूपानें आमचें ‘आपण’च वेष पालटून वावरत असतें. २०१३ सालीं ‘ये मेरा बॉम्बे’ निघालें. पुढच्या वर्षीं कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ ‘नेझी’ यानें ‘आफत’ हें गाणें एका आयपॅडवर तयार करून लोकांपुढें ठेविलें, आणि २०१५ सालीं दोघांनीं मिळून ‘मेरे गली में’ गायिलें. शुद्ध हिंदीचा अभिमानी येथें ‘मेरी’ म्हणेल. गल्ली ‘मेरे’च म्हणते. या दोघांच्या आयुष्यांवरून सुचलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ सालीं आला. त्याच वर्षीं डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ हा गीतसंग्रहही निघाला.

एका गोष्टीचें आम्हांस विशेष वाटलें. शाहीर गीताच्या अखेरच्या कडव्यांत आपलें, गुरूचें आणि गांवाचें नांव गोंवतो. या मुलांना गुरुपरंपरा नाहीं. पण ठिकाणाची मुद्रा त्यांनाही सुटलेली नाहीं. डिव्हाइन ‘५९’ म्हणतो, नेझी ‘७०’. हे अंधेरीच्या व कुर्ल्याच्या टपालक्रमांकांचे शेवटचे दोन आंकडे! ज्या पत्त्याची लाज वाटावी असें जगानें शिकविलें, तोच पत्ता मोठ्यानें उच्चारावयाचा, हा त्यांतला बाणा.

या गाण्यांत आत्मप्रौढी फार, आणि शिव्याही आहेत, हा आक्षेप खोटा नाहीं. सर्वच गाणीं मुलाबाळांसमवेत ऐकण्याजोगीं नाहींत, हें आम्हीही कबूल करतों. परंतु सोलापूरच्या रामजोश्यांना तमाशाच्या नादापायीं घर सोडावें लागलें, आणि आज त्यांच्या लावण्या आपण पाठ्यपुस्तकी आदरानें वाचतों. पोवाड्यांची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी. ते एकत्र करून १८९१ सालीं छापिले ते शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं, आणि त्यांच्या जोडीला होते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ हे इंग्रज गृहस्थ. आमचे बहुतेक विद्वान त्या वेळीं दुसरें कांहीं वाचीत होते.

जाखडीला असा शाळिग्राम पुरेसा लाभला नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना माणसें पुरविण्यांत रत्नागिरी जिल्हा अग्रभागीं होता. त्या माणसांबरोबर शक्तितुरा लालबाग-परळच्या चाळींत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी पडून त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. सामने मात्र होत राहिले. अंधेरीच्या मुलाचें गाणें निघाल्या दिवशीं जगभर ऐकलें जातें. आमच्या शाहिरानें प्रतिपक्षाला त्या रात्रीं दिलेलें उत्तर उजाडतांना संपे. अलीकडे भ्रमणध्वनीवर तें टिपून घेतात. त्यापूर्वीचें सारें वह्यांत आहे.

अशा वह्या आम्हीं एका वृद्ध शाहिराकडे पाहिल्या. शाई उडालेली, कडा वाळवीनें खाल्लेल्या. बोलतां बोलतां त्यांना ‘मेरे गली में’ ऐकविलें. म्हाताऱ्यानें डोळे मिटून, मांडीवर ताल धरून तें शेवटपर्यंत ऐकलें. मग म्हणाले, “पोरगा बोलतो चांगला. पण उत्तर द्यायला समोर कोण बसलाय?”